घरी शिकणारी मुलगी, दहावी-बारावीचे विषय आणि पशुवैद्यक महाविद्यालय: नियोजन कुठून सुरू करावे?

गवळाऊघर (आर्वी तालुका)

आमची मुलगी यंदा जानेवारीत चौदा वर्षांची झाली. चौथी पास झाल्यापासून ती घरीच शिकते आहे आणि आता दहावीचा प्रश्न समोर येऊन ठेपला आहे, म्हणून हा धागा काढते. मूल शाळेतून काढावे की काढू नये, यावर येथे पूर्वी पुष्कळ चर्चा झालेली आहे. ती पुन्हा नको, अशी सर्वांना विनंती. मला पुढच्या चार वर्षांविषयी बोलायचे आहे.

आमची शेती पऱ्हाटी (कपाशी), तूर आणि सोयाबीनची, त्यातली थोडी ओलिताची. सासऱ्यांच्या काळापासून घरात गवळाऊ गाई आहेत आणि मुलीचा जीव त्यांच्यातच आहे. तिने प्रत्येक गाईसाठी वहीत स्वतंत्र पाने ठेवली आहेत: माजावर कधी आली, कधी फळवली, २८० दिवसांच्या हिशोबाने कधी विणार, प्रत्यक्षात कधी विली, वासराला चीक किती वेळाने पाजला. वासरांचे वजन ती टेपने काढते. छातीचा घेर आणि शरीराची लांबी इंचांत मोजायची, घेराच्या वर्गाला लांबीने गुणायचे आणि ३०० ने भागायचे, म्हणजे वजन पौंडांत येते. त्याचे किलो ती स्वतः करते. हे सूत्र विदेशी, भरदार अंगाच्या जनावरांवरून बसवलेले असावे आणि आपल्या चपळ, उंच गवळाऊला ते तंतोतंत लागू पडत नसावे, अशी शंका तिने मध्यंतरी काढली. तेव्हापासून गावातल्या धर्मकाट्यावर गाडी मोजायला आली की एखादे वासरू चढवता येते का, हे ती विचारत असते.

तिला पशुवैद्यक व्हायचे आहे, आणि ते मन बदलले तर कृषी पदवी. माझे प्रश्न असे आहेत. दहावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून करावी की शाळेत न जाता परीक्षा देण्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरावा? विषय कोणते घ्यावेत? बारावी घरून करावी की अकरावीला कनिष्ठ महाविद्यालयात नाव घालावे? आणि घरी शिकलेल्या मुलीला पुढे प्रवेशाच्या वेळी कोणी अडवणार तर नाही ना?

निवृत्त गुरुजी, यवतमाळ

ताई, मुलीच्या वहीबद्दल वाचून फार बरे वाटले. वर्ध्याच्या मातीत हे नवे नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली, गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना तेथे मांडली आणि झाकीर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम तयार केला. सेवाग्रामला आनंद निकेतन शाळा २००५ पासून त्याच वाटेने पुन्हा चालू आहे. तेव्हा मुलगी गोठ्यात शिकते, याचे मला कौतुकच आहे.

आता प्रश्नाकडे वळतो. दोन्ही मार्ग कायदेशीर आहेत आणि दोन्ही प्रमाणपत्रे पुढच्या शिक्षणासाठी चालतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ साली स्थापन झाली. ती केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील स्वायत्त संस्था असून तिचे प्रमाणपत्र इतर मंडळांच्या बरोबरीचे मानले जाते. दहावीसाठी वयाची चौदा वर्षे आणि बारावीसाठी पंधरा वर्षे पूर्ण असावी लागतात. किमान पाच विषय, त्यांत एक किंवा दोन भाषा. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. एकदा घेतलेली नोंदणी पाच वर्षे चालते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात, म्हणजे पाचही विषय एकाच वेळी देण्याची सक्ती नाही. दहावीला मराठी माध्यम मिळते.

राज्य मंडळाकडे खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरता येतो. तुमचा जिल्हा नागपूर विभागीय मंडळात येतो, आमचा अमरावतीत. तेथे विषयांना पर्याय फारसे नाहीत. तीन भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे असा पूर्ण संच द्यावा लागतो.

माझे मत विचाराल तर मी राज्य मंडळाच्या बाजूने आहे, आणि अकरावीला सरळ कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश घ्यावा असे म्हणेन. बालभारतीची पुस्तके गावात मिळतात आणि अडले तर शेजारच्या शाळेतला शिक्षक दोन शब्द सांगतो. शिवाय एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा राज्याच्याच अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर होते. मुलीने पशुवैद्यक सोडून कृषीकडे जायचे ठरवले, तर तिला ही परीक्षा उपयोगी पडेल. याशिवाय, मुलीने चार समवयस्कांमध्ये बसून प्रयोगशाळेत काम करणे मला आवश्यक वाटते.

पशुवैद्यक, अकोला

मी चर्चा दुसऱ्या टोकापासून सुरू करतो. मंडळ कोणते हा प्रश्न नंतरचा आहे. ज्या महाविद्यालयात जायचे ते काय मागते, हे आधी वाचून तेथून मागे यावे.

पशुवैद्यक पदवी साडेपाच वर्षांची असते, त्यात एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप) येते. आपल्या राज्यात हे शिक्षण महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. विद्यापीठाचे मुख्यालय नागपुरात आहे आणि त्याचे नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय तुम्हाला सर्वांत जवळचे. प्रवेश ‘नीट’ (NEET) या देशपातळीवरील प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असलेच पाहिजेत, आणि खुल्या प्रवर्गाला या विषयांत मिळून ५० टक्के गुण लागतात. म्हणजे बारावीचे चार विषय आजच ठरले. पाचवा काय घ्यायचा, एवढाच प्रश्न उरतो.

मुक्त विद्यालयाच्या मुलांना नीट देता येते की नाही, याबद्दल गावोगाव अजून जुनी माहिती फिरते, म्हणून स्पष्ट लिहितो. १९९७ च्या वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांत अशा विद्यार्थ्यांना अपात्र ठरवणारी तरतूद होती. दिल्ली उच्च न्यायालयाने ती २०१८ मध्ये रद्द ठरवली आणि मान्यताप्राप्त मुक्त मंडळांच्या विद्यार्थ्यांची पात्रता २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही मान्य झाली. आज कोणी ‘मुक्त विद्यालयवाल्यांना नीट नाही’ असे सांगितले, तर ते ऐकून मार्ग बदलू नका. अभियांत्रिकीच्या जेईई मेन या प्रवेश परीक्षेलाही मुक्त विद्यालयाची पाच विषयांसह बारावी चालते.

नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात, त्यांपैकी ९० प्रश्न म्हणजे ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे. चूक उत्तराला एक गुण वजा होतो. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. मात्र येथे थोडे थांबून विचार करावा लागेल. आपल्याकडे अकरावी-बारावी विज्ञान व्यवहारात इंग्रजीतूनच शिकवले जाते, पुस्तके इंग्रजीत असतात आणि नीटची तयारी ज्या एनसीईआरटीच्या पुस्तकांवरून होते, ती मुले इंग्रजीतूनच वाचतात. मराठीतून दहावी झालेली चांगली हुशार मुले अकरावीच्या पहिल्या सहामाहीत खचतात, ती विषय कळत नाही म्हणून नव्हे, तर पान वाचून होत नाही म्हणून. तुमच्या मुलीला ‘रवंथ’ ठाऊक आहे, रवंथ कसा चालतो हे तिने रोज पाहिले आहे. पण पुस्तकात ‘रुमिनेशन’ आले की ते आणि हे एकच, हे तिला क्षणात ओळखता यायला हवे. म्हणून दहावीची दोन वर्षे विज्ञान आणि गणित दोन्ही भाषांत समोरासमोर वाचावे. मराठी सोडू नये. गोठ्यात मालकाशी बोलताना हीच भाषा लागते, आणि जनावराला काय होते आहे हे मालकाकडून नीट काढून घेता येणे म्हणजे आमच्या कामाचा निम्मा भाग.

वहीबद्दल एक सांगतो. ते वजनाचे सूत्र तपासून पाहण्याची तिची इच्छा अगदी योग्य आहे. सूत्राने आलेला आकडा आणि काट्यावरचा आकडा शेजारी शेजारी लिहून ठेवायला सांगा, वासराचे वय आणि पोट भरलेले होते की रिकामे, हेही लिहायला सांगा. प्रवेशाला याचा एकही गुण मिळणार नाही, पण पदवीनंतर पैदासशास्त्रात गेली तर ही सवय तिला आयुष्यभर पुरेल.

वणीकडचा बाप

आमचा मुलगाही घरी शिकतो. त्याला मोटार बांधण्याचा आणि पंपाच्या दुरुस्तीचा नाद आहे, जीवशास्त्रात गोडी नाही. त्याने काय करावे?

निवृत्त गुरुजी, यवतमाळ

भाऊ, त्याला दहावीला गणित आणि विज्ञान घेऊ द्या आणि तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका करू द्या. तो प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, बारावी लागत नाही, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. अशा मुलाला मी अकरावीत दोन वर्षे घालायला सांगणार नाही.

माजी मुक्त विद्यार्थिनी, अमरावती

मी दहावी आणि बारावी दोन्ही मुक्त विद्यालयातून केल्या, विज्ञान विषय घेऊन, आणि आता पदवीला आहे. काकू, तुम्हाला दोनच गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट दहावीच्या विषयांची. मुक्त विद्यालयात दहावीला गणित आणि विज्ञान सक्तीचे नाहीत. त्यामुळे अनेक घरांत ‘सोपे पाच’ निवडले जातात: चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री वगैरे. हे विषय वाईट नाहीत, पण विज्ञान शाखेकडे जायचे असेल तर गणित आणि विज्ञान दहावीच्या गुणपत्रिकेवर असलेच पाहिजेत, नाहीतर अकरावीच्या दारातच अडचण येते. प्रत्येक विषयाचे स्वाध्याय वेळेवर द्यावेत. त्यांना २० टक्के भार असतो आणि शेवटच्या आठवड्यात कसेतरी उतरवून दिले की तो भार हातचा जातो.

दुसरी गोष्ट प्रात्यक्षिकांची, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या तिन्ही विषयांना बारावीत प्रात्यक्षिक परीक्षा असते. माझ्या अभ्यास केंद्रात संपर्क वर्ग नावापुरते झाले. ब्युरेट, म्हणजे रसायनाच्या प्रयोगात थेंब मोजून द्रव सोडण्याची तोटीची काचनळी, मी पहिल्यांदा हातात घेतली ती परीक्षेच्या थोडे दिवस आधी. तोटी किती फिरवली की थेंब-थेंब पडते आणि किती फिरवली की धार लागते, हे पुस्तकातून येत नाही; गुलाबी रंग एका थेंबाने येतो आणि पुढच्या थेंबाने गडद होऊन जातो, आणि तो एक थेंब हाताला कळण्यासाठी पुन्हा पुन्हा करावे लागते. मी एका ओळखीच्या प्राध्यापकांना विनंती करून सुट्टीच्या दिवसांत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सराव केला. तुम्ही केंद्र निवडताना जवळचे कोणते हे पाहू नका, प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा. सूक्ष्मदर्शक धुळीने भरलेला असेल तर दुसरे केंद्र पाहा.

सेतूवाली ताई, चांदूर रेल्वे

सर्वांनी अभ्यासाचे लिहिले, मी कागदांचे लिहिते, कारण घरी शिकलेल्या मुलांची घरे माझ्याकडे येतात ती बहुतेक जून महिन्यात, गुणपत्रिका हातात घेऊन आणि बाकी काहीच हातात नसताना.

शाळेत असलेल्या मुलाचे निम्मे कागद शाळेच्या दाखल्यावर चालतात. जन्मतारीख, जन्मठिकाण, जात, वास्तव्य, सगळे त्या एका कागदावर असते. तुमच्या मुलीने चौथीपर्यंत शाळा केली आहे, तेव्हा त्या शाळेचा दाखला आणि प्रवेश निर्गम उतारा आत्ताच काढून ठेवा. त्यावरचे नाव, जन्मदाखल्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव अक्षरशः सारखे असले पाहिजे. ‘वैष्णवी’चे एके ठिकाणी ‘वैशनवी’ झाले असेल तर ते दहावीच्या नोंदणीपूर्वी दुरुस्त करा, कारण दहावीच्या प्रमाणपत्रावर जे छापले जाते तेच पुढे प्रत्येक ठिकाणी मागितले जाते.

आरक्षित प्रवर्गातील कुटुंबांनी जातीचा दाखला आणि जात वैधता यांचे काम बारावीच्या निकालापर्यंत ठेवू नये. जुने पुरावे लागतात: अनुसूचित जातींसाठी १९५० पूर्वीचे, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी १९६१ पूर्वीचे, इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ पूर्वीचे. आजोबांच्या शाळेची नोंद, कोतवाल बुकाची नक्कल, जुना फेरफार, हे शोधण्यात महिने जातात. विज्ञान शाखेच्या मुलांचे वैधतेचे अर्ज साधारणपणे कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जातात. तुमच्या मुलीला महाविद्यालयच नसेल तर अभ्यास केंद्राचे पत्र घेऊन जिल्हा जात पडताळणी समितीच्या कार्यालयात बारावीच्या सुरुवातीलाच भेटा आणि अर्ज कोणाच्या शिक्क्याने स्वीकारतील, ते विचारून घ्या.

वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाच्या प्रमाणपत्राला वास्तव्याचे सलग पुरावे लागतात. शाळेचा बोनाफाईड नसला तरी शिधापत्रिका, सातबारा, वीजबिल, जन्मदाखला यांवरून काम होते. फक्त ते एका पिशवीत वर्षवार लावून ठेवा. तो सातबारा कृषी पदवीच्या प्रवेशालाही जोडायचा असतो, शेतकरी कुटुंबातील मुलांना त्याचा अधिभार, म्हणजे जादा गुण, मिळतो. शेत अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारस नोंदीचे आजच बघा.

आणि सर्वांत मोठी सूचना: राज्याच्या कोट्यातल्या जागांसाठी दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली आहे का, हे तपासले जाते. मुक्त विद्यालयाची संस्था राष्ट्रीय असली तरी तुमचे अभ्यास केंद्र महाराष्ट्रातलेच असू द्या. आपल्याकडे मध्य प्रदेश आणि तेलंगणाची सीमा जवळ आहे, तिकडे कोणी ‘सोपे केंद्र’ सांगितले तरी जाऊ नका.

निवृत्त गुरुजी, यवतमाळ

सेतूवाल्या ताईंनी लिहिलेले वाचून माझे मत अधिकच पक्के झाले. बोनाफाईड, वैधता, प्रयोगशाळा हे तिन्ही प्रश्न कनिष्ठ महाविद्यालयात नाव असले की सुटतात. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाले आहेत, त्यामुळे आर्वीत बसून वर्ध्याच्या किंवा नागपूरच्या महाविद्यालयाचा पसंतीक्रम भरता येतो. मुक्त विद्यालयाचा निकाल राज्य मंडळाच्या नंतर लागतो, म्हणून सुरुवातीच्या फेऱ्या हुकू शकतात, हे मात्र लक्षात असावे.

गवळाऊघर (आर्वी तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवस घरात याच धाग्याचे वाचन चालले आहे. मुलीने स्वतः वाचले, ह्यांनी वाचले, आणि काल रात्री आम्ही तिघांनी बसून ठरवले ते येथे लिहिते, म्हणजे काही चुकत असेल तर सांगता येईल.

दहावी मुक्त विद्यालयातून, महाराष्ट्रातल्या केंद्रातून, पुढच्या एप्रिलमध्ये. विषय मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र. पाचवा विषय सोपा घ्यावा असा ह्यांचा विचार होता, पण जमीन, पाणी आणि बाजार यांचा इतिहास-भूगोल न शिकता तिने पशुवैद्यक होऊ नये, असे मला वाटते आणि तिलाही पटले. माध्यम मराठीच ठेवणार आहोत, आणि डॉक्टरसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे विज्ञान व गणिताची इंग्रजी पुस्तके शेजारी ठेवून वाचणार आहोत. तिने रात्रीच वहीच्या मागच्या पानावर शब्दांची जोडयादी सुरू केली. त्यात पहिल्या ओळीत रवंथ आहे.

वयाचा हिशोबही केला. एप्रिलमध्ये दहावी देताना तिला सव्वा पंधरा वर्षे होतील, बारावीला दोन वर्षांचे अंतर ठेवावे लागते, म्हणजे बारावी आणि नीटच्या वेळी सव्वासतरा. नीटसाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला सतरा पूर्ण लागतात, ते होतात.

बारावीबाबत गुरुजींचे म्हणणे आम्ही गांभीर्याने घेतले आहे आणि तरीही वेगळे ठरवले आहे. जवळच्या शहरात विज्ञानाला नाव घातलेल्या ओळखीच्या मुलांची दिनचर्या मी पाहिली आहे. नाव एका महाविद्यालयात, दिवसभर बसणे शिकवणीत, आणि प्रयोगशाळेत जाणे परीक्षेच्या आधी. तसेच होणार असेल तर मुलीला गाव सोडायला लावून, खोली करून देऊन आम्ही नेमके काय मिळवणार? घरी राहिली तर पहाटे गोठा, सकाळी भौतिक-रसायन, दुपारी जीवशास्त्र असे चार तास सलग मिळतात, आणि तिच्या नोंदींची साखळी तुटत नाही. बारावीही मुक्त विद्यालयातून करणार: भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि पाचवे गणित. पाचवा विषय गणितच असावा, हा तिचा आग्रह. पुढे पैदासशास्त्रात संख्याशास्त्र लागते, हे तिने कुठेतरी वाचले आहे. झेपले नाही तर तो विषय पुढच्या सत्रात देता येतो, पण नीटच्या वर्षी पाचही विषय पूर्ण हवेत, एवढी शिस्त आम्ही पाळू.

प्रयोगशाळेची अट मात्र आम्ही गुरुजींच्या इतकीच कडक ठेवणार आहोत. अमरावतीच्या मुलीने लिहिलेले ब्युरेटचे वाचून मला रात्री झोप आली नाही. केंद्र निवडण्यापूर्वी प्रयोगशाळा पाहणार, आणि मनासारखी मिळाली नाही तर अकरावीलाच कनिष्ठ महाविद्यालयाचा अर्ज भरणार. तो रस्ता बंद केलेला नाही.

कृषीसाठी एमएचटी-सीईटीचा जीवशास्त्र गटही ती देईल. त्यात चूक उत्तराला गुण वजा होत नाहीत आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या महाविद्यालयांचा मार्ग त्यातून जातो. त्यासाठी राज्याची अकरावी-बारावीची पुस्तके वेगळी वाचावी लागतील, हे गुरुजींच्या पहिल्या प्रतिसादातून लक्षात आले.

सेतूवाल्या ताई, शेत अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे. ह्यांनी आज तलाठ्यांकडे जाऊन वारस नोंदीचा अर्ज दिला. शाळेच्या दाखल्यावर मुलीच्या जन्मतारखेत महिना चुकलेला निघाला, जन्मदाखल्यावर तो बरोबर आहे. ही दुरुस्ती शाळेकडून होते की गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे लागते?

सेतूवाली ताई, चांदूर रेल्वे

ताई, सुरुवात शाळेपासूनच करा. जन्मदाखल्याची साक्षांकित प्रत जोडून मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्या आणि पोच घ्या. तेथून प्रस्ताव वर शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. तोंडी सांगून येऊ नका. मुक्त विद्यालयाच्या नोंदणीला जन्मदाखला लावा, म्हणजे दहावीच्या प्रमाणपत्रावर तरी योग्य तारीख येईल आणि दाखल्याची दुरुस्ती मागाहून आली तरी काम अडणार नाही.

पशुवैद्यक, अकोला

पाचवा विषय गणित, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तिला सांगा, काट्यावर वासरू चढवण्यापूर्वी काटा रिकामा असताना शून्यावर आहे का ते पाहावे, आणि वाहनांचा धर्मकाटा पाच-दहा किलोंच्या टप्प्यांनीच वजन दाखवतो, त्यामुळे लहान वासरांसाठी तो उपयोगाचा नाही. त्यांना दूध संकलन केंद्रावरचा किंवा धान्याचा प्लॅटफॉर्म काटा वापरावा.